बगीचा दुपारी बंद ठेवू नका

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं: तुमच्या वस्तीतल्या एक एकराच्या बगीच्यासाठी निधी मंजूर झाला आहे. आराखड्यात मधोमध कारंजं, सेल्फी पॉइंट, पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, अर्ध्या एकरावर कोरियन गवताचं लॉन आणि आणखी एक ग्रीन जिम, म्हणजे उघड्यावरची व्यायामाची यंत्रं, आहे. समितीतल्या काही जणांना वाटतं की क्रिकेट बंद करावं, जोडप्यांना आवर घालावा आणि सकाळी दहा ते दुपारी चार गेटला कुलूप असावं. यातलं काय करावं, काय करू नये?

मी उद्यान विभागात पर्यवेक्षक होतो. नोकरीतला बहुतेक काळ नागपुरातल्याच लहानमोठ्या बगीच्यांत गेला. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. कुलूप नको, कारंजं नको, लॉन अगदी थोडं. पैसा सावलीत, मातीत आणि पाण्याच्या सोयीत घाला.

आर्किटेक्टने टेप लावण्याआधी समितीतल्या दोघांनी एक काम करावं. गेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत पूर्ण दिवस बगीच्यात बसावं, एकदा थंडीत आणि एकदा मे महिन्यात. आपल्या समित्यांमध्ये बहुतेक सगळे सकाळी फिरणारे असतात. त्यामुळे सकाळचा बगीचा हाच खरा बगीचा, असं त्यांना मनापासून वाटतं. पहाटे पाचला कानटोपी घालून येणारे, सहाला योगावाले, मग हास्यक्लब, गेटबाहेर दुधी-कारल्याचा रस आणि थोड्या अंतरावर तर्री-पोह्याची गाडी. साडेआठपर्यंत ही मंडळी पांगतात. नंतर पेपर घेऊन आजोबा येतात, सुना-मुली कामाला गेल्या की नातवंडं घेऊन आज्या येतात. संध्याकाळी पाचनंतर पोट्ट्यांचं राज्य असतं, सातनंतर बायकांचे घोळके फेऱ्या मारतात, आणि नऊच्या सुमारास कॉलेजची मुलं बाकांवर बसून असतात. प्रत्येकाला वाटतं बगीचा आपला आणि बाकीचे घुसखोर. बगीच्यातली निम्मी भांडणं यातूनच निघतात.

पण दुपार कोणाची, हे समितीला माहीतच नसतं, कारण त्या वेळी समितीतला कोणीही तिथे नसतो. मे महिन्यात एक वाजता ज्या बगीच्याचं गेट उघडं असतं तिथे जाऊन बघा. रस्ते झाडणाऱ्या बाया झाडाखाली डबा सोडून बसलेल्या असतात. डिलिव्हरीचे पोट्टे दोन ऑर्डरींच्या मध्ये गाडीची डिकी उशाला येईल अशी लावून, तोंडावर दुपट्टा ओढून पडलेले असतात. ऑटोवाले असतात, बांधकामावरचे मजूर असतात, जवळच्या दवाखान्यात भरती असलेल्या पेशंटचा भाऊ किंवा बाप असतो. एमपीएससीचा अभ्यास करणारी, एका खोलीत चौघं राहणारी मुलं पुस्तक घेऊन कडुनिंबाखाली बसतात, कारण खोलीवरचा कूलर लाइट गेली की बंद. यांतल्या कोणाच्याही नावाने तुमच्याकडे तक्रार अर्ज येणार नाही. कुलूप लावलं तर ते निमूट फुटपाथवर जाऊन बसतील.

आपल्या गावाचं ऊन काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. उष्माघाताचा फटका सर्वात आधी दुपारी उघड्यावर काम करणाऱ्याला बसतो, आणि त्याला हवं असतं ते एवढंच: गर्द सावली, प्यायचं पाणी, बसायला जागा आणि वापरण्याजोगं स्वच्छतागृह. या चारही गोष्टी एका ठिकाणी फुकट देऊ शकेल अशी जागा वस्तीत एकच, तुमचा बगीचा. उष्माघात टाळण्यासाठी शहरात जो कृती आराखडा राबवला जातो त्यातही उद्यानं दुपारी खुली ठेवण्यावर भर आहे. दुपारी बंद ठेवण्यामागे साफसफाई आणि झाडांना पाणी घालणं हे कारण सांगितलं जातं. पण भर उन्हात पाणी घालायचंच नसतं. ती वेळ पहाटेची किंवा दिवस मावळल्यावरची. झाडलोट सकाळी नऊ ते अकरामध्ये आरामात होते.

आता सावलीचं बोलू. आपल्याकडे २६ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. त्यानंतर तो पश्चिमेला कलतो आणि दोन ते पाच या वेळात तिरपं, जाळणारं ऊन येतं. म्हणून बाक ठेवताना झाड बाकाच्या पश्चिमेला हवं. बहुतेक ठिकाणी बाक ट्रॅकच्या कडेने सारख्या अंतरावर, नकाशात सुंदर दिसावेत असे ठेवलेले असतात. अर्धे बाक त्यामुळे दुपारी कोणाच्याच उपयोगाचे राहत नाहीत. लोखंडी बाकाला मे महिन्यात तीन वाजता हात लावून बघा, चटका बसतो. स्टीलच्या घसरगुंडीचंही तसंच. हाफ पँट घातलेलं लेकरू चार वाजता तिच्यावरून घसरलं तर मांड्या भाजतात. मुलांच्या खेळण्यांखाली घालतात ती काळी रबरी मॅट तर अनवाणी पायाला सहन होत नाही. ग्रीन जिमच्या दांड्याही तापतात. म्हणून नवी ग्रीन जिम घेण्याआधी जुनी उचलून सावलीत बसवा, तिचे बेअरिंग बदला, ग्रीस करा. निम्मी यंत्रं तेवढ्यानेच परत चालू होतील.

झाडं निवडताना एकच प्रश्न विचारायचा: हे झाड एप्रिल-मेमध्ये कसं असतं? गुलमोहर आणि बहावा मला फार आवडतात, पण ऐन उन्हाळ्यात ते फुलांवर असतात आणि अंगावर पानं विरळ असतात. डोळ्यांना सुख, पण सावली नाही. शिवाय गुलमोहराची मुळं उथळ जातात, लाकूडही ठिसूळ. मे-जूनच्या वावटळीत सगळ्यात आधी तोच आडवा होतो. तेव्हा तो लावायचाच तर ट्रॅकपासून, खेळण्यांपासून लांब, कडेला लावा. सावलीसाठी कडुनिंब आणि करंज. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि एप्रिलपर्यंत नव्या पालवीने भरतो. करंजाची चकचकीत पोपटी पालवी तर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर येते आणि मे महिन्यात त्याच्याखाली घट्ट सावली पडते. चिंच उत्तम, वर्षानुवर्षं टिकते. जांभूळ लावा, पण ट्रॅकवर फांद्या येणार नाहीत अशा बेताने, कारण जूनमध्ये पडलेल्या जांभळांवरून म्हातारी माणसं घसरतात. एखादा वड किंवा पिंपळ, कुंपणाच्या भिंतीपासून भरपूर लांब. सप्तपर्णी एखादीच ठेवा. दिवाळीच्या सुमारास तिच्या फुलांचा उग्र वास दम्याच्या माणसांना सहन होत नाही. कोनोकार्पसच्या रांगा तर अजिबात लावू नका.

लॉनचा हिशेब कागदावर मांडा आणि तो समितीला वाचून दाखवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात गवत हिरवं ठेवायचं तर रोज निदान ६ मिलिमीटर तरी लागतं. अर्धा एकर म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. म्हणजे रोज १२,००० लिटर. माणशी १३५ लिटर धरलं तर हे साधारण नव्वद माणसांचं दिवसाचं पाणी झालं, आणि तेही बहुतेक वेळा पेंच धरणाहून आलेलं, शुद्ध केलेलं प्यायचं पाणी. उलट चाळीस नवी झाडं जगवायला प्रत्येकी ३० लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे आठवड्याला २,४०० लिटर पुरतात. लॉन आठवड्याला ८४,००० लिटर पितं. लहान मुलांना लोळायला, बाळांना रांगायला थोडं गवत हवंच. त्यासाठी झाडांच्या सावलीचा कड सोडून दोन-तीन गुंठे साध्या हरळीचे ठेवा. ती उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पहिल्या पावसात परत उठते. कोरियन गवत तुमच्या माळ्याला वर्षभर कामाला लावेल आणि त्याच्यावर ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी लागेल. ज्या गवतावर चालायचं नाही ते वस्तीच्या बगीच्यात कशाला हवं?

तुमच्या आवारात किंवा शेजारी जुनी सार्वजनिक विहीर असेल तर आधी तिचा गाळ काढा. नागपुरात अशा विहिरी बऱ्याच आहेत आणि कचरा टाकून त्या बुजत चालल्या आहेत. झाडांना ते पाणी उत्तम. प्रक्रिया केलेलं सांडपाणीही झाडांना चालतं. भांडेवाडीच्या केंद्रातलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातंच की.

ट्रॅकबद्दल मी ठाम आहे. आपली जमीन बहुतेक ठिकाणी काळी, चिकण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर नुसती रेती पसरून पेव्हर बसवले की दोन पावसाळ्यांत ते वर-खाली होतात आणि गुडघेदुखीच्या माणसाला ठेच लागते. काळी माती निदान नऊ इंच ते फूटभर उपसून काढा, मुरूम थराथराने टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा, मधोमध किंचित उंचवटा ठेवा म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना निघून जाईल, वर बारीक चुरी. रुंदी सहा फूट, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन जोड्या एकमेकांना न खेटता जातील. मुरमाचा ट्रॅक पायाला मऊ, उन्हात कमी तापतो आणि दरवर्षी दुरुस्त करायला ट्रॉलीभर मुरूम पुरतो. झाडांच्या बुंध्याभोवती मात्र मीटरभर जागा मोकळी सोडा. एका जुन्या बगीच्यात ठेकेदाराने कडुनिंबाच्या खोडाला लागून सिमेंट ओतलेलं मी पाहिलंय. चार-पाच उन्हाळ्यांत ते झाड शेंड्यापासून वाळत खाली आलं. झाडाभोवतीचं काँक्रीट काढण्याचे आदेश हरित लवादाने २०१३ सालीच दिलेले आहेत, तरी आराखड्यात ही गोष्ट हटकून राहून जाते.

कारंज्याचं थोडक्यात सांगतो. उद्घाटनानंतर मोटर बिघडते, वीजबिलावरून वाद होतो आणि हौदात पाणी साचून राहतं. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि सात ते दहा दिवसांत नवे डास उडायला लागतात. जिथे हौद आधीच आहे तिथे गप्पी मासे सोडा किंवा दर आठवड्याला तो पूर्ण कोरडा करा. तुमच्याकडे अजून बांधलेला नाही, तर बांधू नका. त्या जागी मुरमाचा मोकळा चौक ठेवा, भोवती करंजं. त्या चौकाचा उपयोग किती होतो बघा. सकाळी तिथे योग होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, वस्तीतली लेकरं सजवलेले लाकडी बैल घेऊन तोरणाखाली उभी राहतात, आयांची गर्दी होते, बक्षिसं वाटली जातात. तो दिवस ऐन पावसाळ्यातला, ओल्या लॉनवर एवढी माणसं उभी राहिली की गवताचा चिखल होतो. चौकात काहीच बिघडत नाही. कोजागिरीचं दूध, रक्तदान शिबिर, शाळेचे चित्रकलेचे वर्ग, सगळं तिथेच होऊन जातं. फक्त लाउडस्पीकरचा नियम फलकावर स्पष्ट लिहा. रात्री दहा ते सकाळी सहा बंद म्हणजे बंद, आणि पहाटेच्या योगवर्गालाही तो लागू आहे. भोवतालच्या घरांत रात्रपाळी करून आलेली माणसं झोपलेली असतात.

आता भांडणं. क्रिकेटवर बंदी घातली की पोट्टे रस्त्यावर खेळतात, गाड्यांसमोर. बगीच्याच्या एका कोपऱ्यात जाळी लावा, तिथे गवत उगवायचा हट्ट सोडा, चेंडू रबरी किंवा टेनिसचा, वेळ चार ते सहा. सहानंतर तीच जागा मुलींना द्या, बॅडमिंटनसाठी, रिंगसाठी, धावायला. हे मी मुद्दाम सांगतोय. अकरा-बारा वर्षांची झाली की मुली बगीच्यातून दिसेनाशा होतात, कारण मोकळी जागा मुलांनी धरलेली असते आणि कडेला बसलं की कोणीतरी टक लावून बघतं. मुलींसाठी वेळ राखून ठेवली, ती पाटीवर लिहिली आणि माळी-चौकीदाराने ती पाळायला लावली, तर दोन महिन्यांत चित्र बदलतं.

जोडप्यांबद्दल मला थोडं बोलायचंच आहे. बाकावर बसून बोलणं हा गुन्हा नाही. चौकीदाराने नावं विचारणं, फोटो काढणं, घरी सांगायची धमकी देणं हे चुकीचं आहे आणि त्यातून पैसे उकळण्याचे प्रकार होतात. बगीचा सर्वांना सुरक्षित वाटायला हवा, आणि त्याचा मार्ग दिसण्यातून जातो. मेंदीचं, कोयनेलचं कुंपण तीन फुटांवर छाटून ठेवा. झाडांच्या खालच्या फांद्या सात फुटांपर्यंत उचलून घ्या. म्हणजे मधल्या उंचीवर या टोकाचं त्या टोकाला दिसतं. एकच उंच हायमास्ट, म्हणजे खांबावरचा मोठा दिवा, लावला तर झाडांखाली गडद काळोख राहतो. त्याऐवजी ट्रॅकच्या कडेने, फांद्यांच्या खाली येतील असे बुटके, पिवळसर प्रकाशाचे दिवे लावा आणि बगीचा बंद झाला की तेही बंद करा, पाखरांना रात्र मिळू द्या. बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली चौकीदाराच्या खिशात नको. ते दिवसभर उघडं हवं, आत पाणी हवं.

संक्रांतीनंतरचं एक काम कोणत्याच निविदेत नसतं, म्हणून इथे लिहितो. आपल्याकडे पतंगाचं वेड मोठं. नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची बंदी असूनही तो चोरून विकला जातो आणि जानेवारीनंतर कित्येक महिने झाडांच्या शेंड्यांत लटकत राहतो. उन्हात चमकला तरच तो दिसतो. संध्याकाळी परतणारे बगळे, रात्री वटवाघळं, घुबडं त्यात अडकतात. लांब बांबूला आकडी बांधायची, मांजा आकडीत धरायचा आणि बांबू हळूहळू फिरवत त्याच्यावर गुंडाळत न्यायचा. हिसका द्यायचा नाही, नाहीतर तो तुटतो आणि उरलेला आणखी वर जाऊन अडकतो. पक्षी अडकलेला असेल तर आधी त्याच्यावर सुती कापड टाकायचं, डोळे झाकले की तो फडफड थांबवतो. मग दोन्ही बाजूंचा धागा कात्रीने कापायचा. पंखात रुतलेला धागा ओढून काढायचा नाही, तो तसाच ठेवून पक्षी खोक्यात घालून सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये न्यायचा. वस्तीतल्या ज्या पोट्ट्यांनी पतंग उडवले त्यांनाच हे काम द्या. एकदा हातात रक्ताळलेला बगळा धरला की तो मुलगा परत नायलॉन मांजा विकत घेत नाही, हे मी वारंवार पाहिलंय.

पानगळीचा पाला जाळू देऊ नका. उघड्यावर जाळण्याला २०१६ च्या आदेशानुसार ५,००० रुपये दंड आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो पाला ही तुमची संपत्ती आहे. फेब्रुवारी-मार्चचा कडुनिंबाचा पाला झाडांच्या आळ्यांत चार इंच जाड पसरवा, बुंध्याला चिकटू न देता. ऐन उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी वाचते आणि पावसाळ्यात त्याचं खत होतं. उरलेला खड्ड्यात घाला.

आणि आराखड्यात कुठे ‘अडथळा येणारी झाडे काढणे’ असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय एकही झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. ट्रॅक वळवता येतो.

वेळापत्रक सांगून थांबतो. खड्डे मे महिन्यात खणा, तीन फूट लांब, रुंद आणि खोल, आणि पंधरा दिवस उन्हात तापू द्या. भरताना काळी माती, मुरूम, शेणखत आणि निंबोळी पेंड. रोपं सहा-आठ फुटांची घ्या, मान्सून येऊन दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा, दोन झाडांत २५ ते ३० फूट अंतर. लावलेली झाडं पहिल्या पावसाळ्यात सगळीच हिरवी दिसतात, मरतात ती दुसऱ्या उन्हाळ्यात, ठेकेदाराची मुदत संपलेली असते तेव्हा. म्हणून निविदेत तीन उन्हाळ्यांचं पाणी आणि मेलेल्या झाडाच्या जागी नवं झाड ही अट घाला, आणि शेवटच्या बिलाचा एक भाग तिसरा उन्हाळा संपून जून येईपर्यंत अडवून ठेवा. ही अट लिहून मिळाल्याशिवाय समितीच्या अध्यक्षांनी आराखड्यावर सही करू नये.